बाहेरच्या व्हिनिल क्लॅडिंगला रंग द्यायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हल्ली एक चौकशी हमखास येते. "अहो, बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकल्यात, आता त्या कळकट दिसतायत. रंग बसेल का त्यांना?" फोनवर तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. माझे वडील गिरगावात रंगकाम करायचे. चुना, डिस्टेंपर, ऑइलपेंट, एवढ्यात त्यांचं आयुष्य गेलं. या पट्ट्या त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. माझ्या आल्या, आणि बरंचसं मला चुकूनमाकूनच कळलं.

व्हिनिल क्लॅडिंग म्हणजे नेमकं काय?

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, एकीत एक अडकवून बसवलेल्या पीव्हीसीच्या लांब पट्ट्या. दुकानदार त्याला 'पीव्हीसी पॅनेल' म्हणतो, आर्किटेक्ट 'साइडिंग' म्हणतो आणि घरमालक 'फायबर' म्हणतो, जे ते नसतं. अमेरिकेत घरंच्या घरं यात गुंडाळलेली असतात, कारण तिथे भिंतीचा सांगाडा लाकडी. आपल्याकडे वीट आणि प्लास्टर, त्यामुळे याची गरज खरं तर कमी. तरी दिसतं बऱ्याच ठिकाणी. चारकोप-गोराईची रो-हाउसं, मढ-मार्व्याचे बंगले, गावठाणातल्या घरांवर चढवलेला हलका मजला, गच्चीवरची खोली. बहुतेकांनी ते पावसाच्या माराची बाजू झाकायला लावलेलं असतं.

त्याला रंग बसतो का?

बसतो. नीट केलं तर चांगला बसतो. पण ही भिंत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवायचं. प्लास्टर जिथल्या तिथे असतं, व्हिनिल हलतं. पट्टीचं तापमान पहाटेपेक्षा दुपारी ३० अंशांनी वाढलं, तर १० फुटांची पट्टी साधारण ६ मिलिमीटरनी लांबते, म्हणजे एका तांदळाच्या दाण्याएवढी. रात्री परत आखडते. रोज. म्हणूनच खिळ्यांची भोकं गोल नसतात, लांबट असतात, आणि खिळा मुद्दाम थोडा सैल ठेवलेला असतो. वर चढवलेला रंगही रोज तेवढाच ताणला जाणार आणि आकसणार. ज्या रंगाला ते झेपत नाही, त्याचे पोपडे निघतात. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

माझ्याकडच्या पट्ट्या व्हिनिलच्याच आहेत, हे कसं ओळखू?

कडेचा नखाएवढा तुकडा कापा आणि पाण्याच्या ग्लासात टाका. भरीव पीव्हीसी तळाला जातं. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन तरंगतं, आणि त्यावर साधा रंग धरतच नाही, तिथे हात न लावलेला बरा. फक्त एक घोळ आहे. फेसाळ पीव्हीसीचे जाड बोर्ड असतात, पाटीवाले वापरतात तसले, तेही तरंगतात. ते कापलेल्या कडेला बारीक जाळीदार दिसतात, त्यावरून कळतं. कडेला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा आणि मधे काळा किंवा राखाडी थर दिसला, तर ते एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल. त्याचं शास्त्र वेगळं, हे पान त्याच्यासाठी नाही.

जाळून बघू नका. काडी लावून ओळखणारे मिस्त्री आहेत, पण पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. त्याचा धूर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा, छातीत जातो.

आणि एक गोष्ट तपासाच. तुमच्याकडे खोलीच्या आतल्या छताला लावायचं पीव्हीसी पॅनेल बाहेर लावलंय का? वर लाकडाची किंवा संगमरवराची नक्षी छापलेली, आत पोकळ कप्पे. स्वस्त पडतं म्हणून कित्येकांना हेच बाहेर ठोकून दिलेलं असतं. त्यात उन्हाला तोंड देणारा मसाला बेताचाच. दोन-तीन उन्हाळ्यांत ते पिवळं पडतं आणि अंगठ्याने दाबलं तरी पापडासारखं मोडतं. अशा पट्टीवर रंग म्हणजे मोडक्या दाताला पॉलिश. काढून टाका आणि रंगाचे पैसे वाचवा.

रंग द्यायची खरंच गरज आहे का?

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, मीच विचारतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांना रंग नको असतो, आंघोळ हवी असते. गोराईच्या एका वहिनींनी घर हिरवट दिसतं म्हणून बोलावलं होतं. मी बालदी, साबण आणि मऊ ब्रश घेऊन खिडकीखालच्या दोन पट्ट्या घासून दाखवल्या. खालून जो पांढरा निघाला तो बघून त्या म्हणाल्या, "अगंबाई, हा रंग तर मी विसरूनच गेले होते." माझं काम गेलं. पण त्याच गल्लीतली तीन कामं पुढे त्यांनीच दिली.

दुसरी गोष्ट, कारखान्याच्या पट्टीत रंग आरपार असतो. ओरखडा गेला तरी आत तोच रंग. एकदा वरून रंग दिलात की ती सोय संपली, पुढे दर काही वर्षांनी रंग आलाच. तेव्हा धुऊन भागत असेल तर धुवा. भागत नसेल, पट्ट्या फिक्या पडल्या असतील, वेगवेगळ्या वेळी बदलल्यामुळे ठिगळं दिसत असतील, तर रंगाचा विचार करा.

धुवायचं कसं?

इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट. खरं रंगकाम धुण्यातच आहे, वरचे दोन हात ही शोभा.

आधी जुन्या छत्रीचं काळं कापड घ्या आणि पट्टीवरून फिरवा. कापडावर पांढरी पूड आली तर पट्टीला 'खडू' सुटलाय. उन्हाने वरचं प्लॅस्टिक झिजतं आणि त्यातलं टायटेनियम डायऑक्साइडचं पांढरं रंगद्रव्य मोकळं पडतं. रंग या पुडीवर बसला तर तो पट्टीला नाही, पुडीला चिकटला. पुढच्या पावसात पुडीसकट खाली.

साध्या मळाला ७ भाग पाणी आणि ३ भाग पांढरं व्हिनेगर पुरतं. पावसाळ्यानंतर उत्तरेच्या आणि झाडाखालच्या भिंतीवर काळे ठिपके धरतात, ती बुरशी. तिला ४ भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच आणि थोडी कपडे धुवायची पावडर. दहा मिनिटं राहू द्या, घासा, भरपूर पाण्याने धुऊन काढा. हातमोजे घाला, खालच्या कुंड्या बाजूला करा किंवा त्यांच्यावर आधी पाणी मारून प्लॅस्टिक टाका. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. एकदा हे, एकदा ते, असं त्याच दिवशी त्याच भिंतीवरही नको.

घासायचं खालून वर आणि पाण्याने धुवायचं वरून खाली. उलटं केलंत, तर वरून ओघळलेलं मळकट साबणपाणी खालच्या कोरड्या पट्टीवर रेघा पाडतं आणि त्या मग जाता जात नाहीत. गाडी धुवायचं प्रेशर मशीन शक्यतो नको. वापरलंच तर दाब कमी ठेवा, धार सरळ समोर धरा. खालून वर मारलेली धार दोन पट्ट्यांच्या सांध्यातून आत शिरते, आणि आत गेलेलं पाणी मुंबईच्या हवेत किती दिवस आत बसेल ते तुम्हीच जाणे.

समुद्राजवळ, म्हणजे मढ, वेसावे, वरळी या बाजूला, साबणाआधी नुसत्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा. जीभ लावून बघायची गरज नाही. सकाळी बोट फिरवलं की चिकट लागतं, तेच मीठ.

मग दोन दिवस कोरडं होऊ द्या. काळं कापड पुन्हा फिरवा. काळंच राहिलं तर पुढे चला.

कोणता रंग वापरायचा?

बाहेरच्या कामाचा, शंभर टक्के ॲक्रिलिक इमल्शन. एशियन पेंट्सचा अपेक्स अल्टिमा, बर्जरचा वेदरकोट, ड्युलक्सचा वेदरशील्ड, नेरोलॅकचा एक्सेल, ही नावं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पण ही सगळी खानदानं मुळात प्लास्टरच्या भिंतीसाठी बनलेली. त्यामुळे दुकानदाराच्या "हो हो, चालतंय" वर न जाता, कंपनीच्या माणसाला 'कडक पीव्हीसीवर, बाहेर' असं स्पष्ट सांगून उत्तर लेखी मागा. ॲक्रिलिकमध्ये युरेथेनचा अंश असेल तर चिकटायला आणि ताण सोसायला आणखी चांगलं.

ऑइलपेंट नको. दिसायला छान, पण वाळून कडक होतो, आणि पट्टी हलली की तडकतो. चुना आणि सिमेंट पेंट तर अजिबात नाही, त्यांना पाणी पिणारी भिंत लागते, प्लॅस्टिक थेंब पीत नाही. भेगा झाकणारे जाड रबरी रंगही मी इथे वापरत नाही. ते सांधे बुजवतात आणि दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून टाकतात. मग हलणार कुठे?

रंगाच्या बाबतीत मुंबईला उपरेपणा नाही, एवढं जाता जाता. एशियन पेंट्स १९४२ साली गिरगावातल्या गायवाडीत, एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी सुरू केली. आताची नेरोलॅक १९२० साली लोअर परळला जन्मली. वडिलांच्या रिकाम्या डब्यांवर आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला तो ब्रशवाला गट्टू असायचा, आणि त्या डब्यांत आमच्या चाळीच्या गॅलरीतली तुळस वाढायची.

प्रायमर लागतो का? आणि लांबी, म्हणजे पुट्टी?

पट्टी स्वच्छ आणि किंचित खरखरीत झालेली असेल, तर चांगला ॲक्रिलिक थेट बसतो. अजून चकाकी असेल, किंवा उन्हाने बारीक खड्डे पडले असतील, तर प्लॅस्टिकवर पकड घेणारा प्रायमर एक हात मारा. भिंतीचा सिमेंट प्रायमर नव्हे. बहुतेक रंगारी सवयीने तोच उघडतात, लक्ष ठेवा. चकाकी मारायची तर बारीक पाणीपेपर (पाण्यात वापरायचा सँडपेपर) ओला करून हलक्या हाताने फिरवा. कोरडा घासून पूड उडवू नका.

लांबी भरू नका. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी व्हिनिलवर पहिल्या उन्हाळ्यातच सुटते.

गडद रंग दिला तर चालेल का?

याचं उत्तर मी माझ्या खर्चाने शिकलो.

चारकोपला एक रो-हाउस होतं. पट्ट्या मुळात फिक्या बदामी. मालक हौशी, त्यांना चॉकलेटी हवा होता. शेड कार्डावर बोट ठेवून म्हणाले, "हाच. लाकडासारखा दिसला पाहिजे." नोव्हेंबर होता, हवा छान, रंग सुरेख बसला. फोटो काढून मी चार ठिकाणी पाठवलेसुद्धा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला, "घर आवाज करतंय." गेलो तर संध्याकाळ उतरत होती आणि भिंतीतून टक्, टक् असे आवाज येत होते. तापून लांबलेल्या पट्ट्या खिळ्यांवर अडकत अडकत आखडत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला, तो तिथे ठेववेना. गच्चीच्या कठड्याखाली रंगवायची राहिलेली एक बदामी पट्टी होती, तिच्यावर हात आरामात राहत होता. तीच कंपनी, तीच भिंत, फरक फक्त रंगाचा. मे संपेपर्यंत मधल्या पट्ट्यांना पोटं सुटली. एकदा अशी वाकलेली पट्टी थंड झाली तरी सरळ होत नाही. नव्या पट्ट्यांचा अर्धा खर्च मी दिला, कारण "नको" म्हणायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

कडक पीव्हीसी ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. गडद रंग ऊन पितो, आणि मुंबईच्या पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्यात पिण्यासारखं ऊन भरपूर असतं. म्हणून साधा नियम, नवा रंग मूळ पट्टीपेक्षा गडद नको. रंग किती प्रकाश परतवतो याचा एक आकडा असतो, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १००. व्हिनिलवर ५५ च्या खाली सहसा जाऊ नये असं मानतात. तुमच्या शेड कार्डावर तो छापलेला नसेल तर शेडचा नंबर देऊन कंपनीकडे मागा.

अमेरिकेत शेरविन-विल्यम्सचे 'व्हिनिलसेफ' नावाचे खास रंग मिळतात. त्यांतल्या गडद छटाही कमी तापतात. सूर्याच्या ऊर्जेतला सुमारे निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, आणि या रंगांतली रंगद्रव्यं तो भाग परतवून लावतात. आपल्या बाजारात गच्चीला लावायचे पांढरे 'कूल' रंग मिळतात, त्यांच्यावरून गडद रंगाचा हिशोब मांडू नका.

मग काय द्यावं? मोतिया, फिका राखाडी, ताकासारखा पांढरा, हलका पिस्ता. गडदची हौस दाराला, ग्रिलला आणि खिडकीच्या चौकटीला भागवा. घर उठून दिसतं आणि पट्टी जागेवर राहते.

फिकाच रंग आहे, तरी एकाच जागी पट्टी वितळल्यासारखी झाली. का?

दुपारी त्या जागी उभं राहून समोर बघा. काचेची इमारत आहे? आधुनिक दुहेरी काचा कधी कधी किंचित आत दबतात आणि अंतर्गोल आरशासारखं ऊन एका पट्ट्यात गोळा करून समोरच्या भिंतीवर सोडतात. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी. लोअर परळसारख्या भागात बैठ्या घरासमोर टॉवर उभा राहिला की हे होऊ शकतं. याला रंग हा उपाय नाही. मधे झाड, वेल, बांबूचा चिक, किंवा त्या टॉवरवाल्यांशी बोलणं. त्यांतला चिक सगळ्यात लवकर होतो.

काम कोणत्या महिन्यात काढावं?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी. बस.

हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत पाऊस सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. म्हणजे वर्षाचे चार महिने असेच गेले. पण लोकांना रंग हवा असतो तो नेमका गणपतीच्या आत. ऑगस्टमध्ये फोन सुरू होतात, "दोन दिवस उघडीप आहे, मारून टाका ना." उघडीप आहे, पण पट्टीच्या मागे ओल आहे, हवा ओली आहे, आणि रंग वाळतोय असं नुसतं वाटतं. गणपतीला आतली खोली रंगवा. बाप्पा आतच बसतो.

दिवाळीच्या आधीचं कामही तंगच असतं. ऑक्टोबरचा उकाडा वाईट, दुपारी पट्टी इतकी तापते की ब्रश फिरवता फिरवता रंग ओढायला लागतो आणि ब्रशाच्या रेघा उमटतात. पृष्ठभाग १० ते ३२ अंशांच्या दरम्यान असावा, असा साधारण दंडक आहे. मुंबईत खालच्या आकड्याची चिंता नाही, वरचाच छळतो. म्हणून सावलीच्या मागे मागे फिरायचं. सकाळी पश्चिम आणि उत्तर, दुपारनंतर पूर्व. हाच क्रम धरला तर मार्चमध्येही निभतं.

थंडीत दव पडतं, विशेषतः खाडीच्या आणि समुद्राच्या बाजूला. सकाळी दहाच्या आत ब्रश लावू नका, आधी सुती कापडाने पुसून बघा. आणि संध्याकाळी चारनंतर नवा हात सुरू करू नका, ओल्या रंगावर दव बसलं की चकाकी मरते.

मे महिन्यात "पाऊस यायच्या आत उरकू" म्हणणारे कंत्राटदार भेटतील. रंग हाताला चार तासांत कोरडा लागतो, पण पुरता मुरायला साधारण महिना घेतो. त्याआधी मुंबईचा पाऊस झोडपायला लागला तर काय होतं, त्याची कल्पना करा. एप्रिल संपायच्या आत दुसरा हात झालेला असावा.

ब्रश, रोलर की स्प्रे?

रोलरने रंग चढवायचा आणि तो ओला असतानाच तीन-चार इंची ब्रशाने पट्टीच्या लांबीने ओढून घ्यायचा. एका वेळी एक-दोन पट्ट्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधेच चहाला थांबलात तर जोड दिसणार. पट्टीच्या खालच्या ओठात रंग साचू देऊ नका, तो वाळला की दोन पट्ट्या चिकटतात.

स्प्रे लवकर होतो, पण आपल्या गल्ल्यांत नाही. दुपारी समुद्राकडचा वारा सुटतो आणि शेजाऱ्याची स्कूटर मोतिया रंगाची होते. मोकळ्या बंगल्याला, सकाळच्या स्तब्ध हवेत, ठीक.

रंग किती लागेल?

एक लिटर एका हाताला साधारण १०० चौरस फूट जातो, म्हणजे दोन हातांना ५० धरा. २० बाय १० ची भिंत म्हणजे २०० चौरस फूट, तिला ४ लिटरचा एक डबा. पट्ट्यांच्या घड्यांमुळे क्षेत्र थोडं जास्त भरतं, तेव्हा दहा टक्के वर ठेवा. डबे १, ४, १० आणि २० लिटरचे येतात. मशीनवर शेड काढलेले सगळे डबे आधी एका मोठ्या बालदीत एकत्र करा. दोन डब्यांत उन्नीस-बीस असतोच, आणि तो भिंतीच्या बरोबर मध्यावर दिसतो.

मजुरी फुटावर ठरवताना धुण्याचे पैसे वेगळे धरा. ते रंगाच्या दरात कोंबले की रंगारी धुणं उरकतो.

सांध्यात आणि भोकांत काय भरायचं?

पट्ट्यांच्या सांध्यात काही नाही. खालच्या कडेला जी बारीक भोकं दिसतात, ती आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला मुद्दाम ठेवलेली असतात. मी अशी भोकं पांढऱ्या सिमेंटने प्रेमाने बुजवलेली पाहिली आहेत, आणि आतल्या भिंतीवर त्याचा नकाशाही पाहिला आहे.

खिडकीच्या कडेला, पाइपाभोवती सील लागतं. तिथे रंग घेणारं ॲक्रिलिक सीलंट वापरा. सिलिकॉनवर रंग थांबत नाही, थेंब थेंब होऊन घसरतो. जुनं सिलिकॉन असेल तर ब्लेडने पूर्ण काढा.

रंगाआधी प्रत्येक पट्टी दोन्ही हातांनी धरून आडवी सरकवून बघा. किंचित सरकली पाहिजे. सरकत नसेल तर कुणीतरी स्क्रू करकचून आवळलाय, तो अर्धा फेरा सैल करा.

सोसायटीची परवानगी लागते का?

रो-हाउस असलं तरी सोसायटी असेल तर बाहेरचा रंग बदलण्याआधी लेखी विचारा. नंतरच्या भांडणापेक्षा एक अर्ज स्वस्त. गिरगावची खोताची वाडी किंवा वांद्र्याच्या जुन्या गावठाणांसारख्या वारसा परिसरात घर असेल तर वॉर्ड ऑफिसातही चौकशी करा. आणि पट्ट्यांची कंपनीची हमी अजून चालू असेल तर तो कागद वाचा, रंग दिला की बऱ्याच कंपन्यांची हमी संपते.

स्वतः केलं तर?

तळमजला, जरूर करा. हाताने होण्यासारखं काम आहे, दोन रविवार लागतील. शिडी मात्र थेट पट्टीला टेकवू नका, टोकांना जुनं गोणपाट बांधा, नाहीतर खळगा पडतो. पहिल्या मजल्याच्या वर परांची आणि पट्टा बांधलेला माणूस. शिडीवर एक हात डब्याला आणि एक ब्रशाला, मग धरणार कशाने? गावठाणात विजेच्या तारा हाताच्या अंतरावर असतात, त्या आधी बघा.

वास, लहान मुलं, शिसं?

पाण्यातल्या ॲक्रिलिकला वास कमी. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, तेव्हा नव्या नामांकित डब्याची काळजी नको. माळ्यावरचा आजोबांच्या काळचा डबा वापरू नका. जुना रंग काढायला गरम हवेची गन पट्टीवर धरू नका. आणि बदललेल्या पट्ट्यांचे तुकडे खाली ठेवून जाऊ नका. डिसेंबरात वॉचमन शेकोटीला काहीही घालतात.

दिलेल्या रंगाचे पोपडे निघाले, आता?

कारण शोधा, वरून हात मारू नका. पोपड्याच्या मागे पांढरी पूड असेल तर धुणं कच्चं राहिलं. मागची बाजू गुळगुळीत आणि पट्टी चकाकत असेल तर पकड मिळाली नाही. फक्त सांध्याशी सुटत असेल तर रंगाने पट्ट्या बांधल्या गेल्या होत्या.

नव्याने करताना आधी कोपऱ्यात हातभर जागा रंगवा. आठवड्याने ब्लेडने बारीक फुली मारा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चिकटपट्टीवर रंग आला तर थांबा, उरलेली भिंत वाचली.

किती वर्षं टिकतो?

समुद्राकडच्या, पश्चिमेच्या भिंतीवर पाच-सहा वर्षांनी पुन्हा हात लागतो, असा माझा अनुभव. आतल्या बाजूला जास्त. डब्यावर छापलेली वर्षं बहुधा प्लास्टरच्या भिंतीची असतात. पावसानंतर दरवर्षी एकदा साबणपाण्याने धुतलं तर आयुष्य वाढतं.

उरलेल्या रंगाचं काय करायचं?

फेकू नका. घट्ट झाकणाच्या लहान बरणीत भरा, वर शेडचा नंबर, दुकानाचं नाव आणि तारीख मार्करने लिहा. कागद चिकटवू नका, पावसाळ्यात गळून पडतो. पुढे कुठे ओरखडा गेला तर ठिपका लावून सोडू नका, तो डाग म्हणून दिसतो. ती अख्खी पट्टी एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत रंगवा.